दोन नावांचं खातं

विनोदिनी म्हामल परसात सुपांवर कोकमाची सोलं वाळत घालत होती, तेव्हा घरात फोन वाजला. तिचा फोन क्वचितच वाजे. वाजलाच तर बहुधा कुठल्या तरी कंपनीचा असे, आणि समोरची मुलगी हिंदीत बोलायला लागली की विनोदिनी तो बंद करून परत ठेवून देई. आज मात्र समोरून आपल्याकडचीच बोली ऐकू आली.

"विनूबाय म्हणतत त्या तुमीच ना? मी डिचोलीसून गौरवी बोलतंय. रेश्माबायच्या बाजूच्या खोलीत रवतंय."

रेश्मा न्हाणीत घसरून पडली होती. खुब्याचं हाड मोडलं होतं. शेजाऱ्यांनी तिला म्हापशाच्या एका खाजगी हॉस्पिटलात दाखल केलं होतं, आणि ऑपरेशन करायचं तर आधी पन्नास हजार भरा असं तिथल्या माणसाने सांगितलं होतं.

"कोणाक कळवू म्हणून विचारलंय, तर तुमचोच नंबर दिल्यानी," गौरवी म्हणाली. "आणखी कोणाचो नाय म्हणाल्या."

"तिच्या खात्याचो नंबर धाड," विनोदिनी म्हणाली. "आजच्या आज धाडतंय पैसे."

पैसे होते. विनोदिनीने अठ्ठावीस वर्षं काजूच्या कारखान्यात सोलण्याचं काम केलं होतं. कारखाना बंद झाला तेव्हा तिला जो फंड मिळाला, तो तिने कधी मोडला नव्हता. वर दरवर्षी डोंगरावरच्या स्वतःच्या काजूच्या कलमांची बी विकून थोडे थोडे साठत. पार्शातल्या त्या घरात ती एकटीच राहायची. एकट्या बाईला लागतं तरी किती? सकाळी पाववाला पोदेर यायचा, त्याच्याकडून ती दोन पाव घ्यायची. एक सकाळच्या चहाला, एक संध्याकाळच्या.

रेश्मा ही तिच्या धाकट्या भावाची, श्रीनाथची बायको. सातार्ड्याहून लग्न होऊन आली तेव्हा एकवीस वर्षांची होती, विनोदिनी तिशीला टेकलेली. दोघींचं पहिल्या महिन्यातच जमलं. काजूच्या दिवसांत दोघी उजाडायच्या आत डोंगरावर जायच्या, बोंडं वेचायच्या आणि इतक्या हसायच्या की खालच्या वाटेने जाणारी माणसं वर बघत राहायची. साईश जन्मला तो विनोदिनीच्याच मांडीवर वाढला. आणि साईश सहा वर्षांचा असताना रेश्मा एका दुपारी घरातून गेली, ती डिचोलीच्या एका ट्रकवाल्याच्या घरी राहायला गेली. तेव्हा लोखंडाच्या खाणी जोरात होत्या, ट्रकवाल्यांच्या हातात पैसा खुळखुळत होता. गावात लोक बरंच काही बोलले. श्रीनाथने घरात तिचं नाव काढायला बंदी केली. विनोदिनीलाही वाटलं, भावाला सोडून गेली ते एक, पण आपल्याला एका शब्दानेही न सांगता गेली. वर्षानुवर्षं तिचा राग गेला नाही. ती साईशला शाळेत पोचवत राहिली, त्याचे डबे करत राहिली, आणि स्वतःच्या लग्नाचा विषय कोणी काढला की उठून आत जाऊ लागली.

श्रीनाथ वारला. खाणी बंद पडल्या, तो ट्रकवाला ट्रक विकून कर्नाटकात कुठेतरी गेला तो गेलाच. आणि एका शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात, सुक्या मासळीच्या रांगेत, मागून कोणीतरी विनोदिनीच्या दंडाला हात लावला. वळून बघते तर रेश्मा. केस अर्धे पिकलेले, हातात रिकामी पिशवी.

"बोलतलंस माझ्याकडे?" रेश्माने विचारलं.

विनोदिनी निघून गेली नाही. दोघी बाजाराच्या कडेच्या हॉटेलात बसल्या, पाव-भाजी मागवली, आणि ती थंड होईपर्यंत दोघींनी हात लावला नाही. त्यानंतर गेली बारा वर्षं, पाऊसपाणी, सणवार सोडले तर, दर शुक्रवारी त्या त्याच हॉटेलात भेटत होत्या. रेश्मा डिचोलीत एका खोलीत राहून खानावळींना चपात्या करून देत होती. साईशविषयी तिने कधी एक शब्द विचारला नाही. विनोदिनी आपण होऊन सांगायची. रेश्मा कपातल्या चहाकडे बघत ऐकून घ्यायची, आणि मग म्हणायची, "चल, तुझी बस जायत."

हे कोणालाच माहीत नव्हतं.

फोन आला त्या सोमवारी विनोदिनी पेडण्याला गेली ती आधी एटीएममध्ये शिरली. मशीनने दहा हजार दिले. पुन्हा कार्ड घातलं तर आजची मर्यादा संपली अशी अक्षरं पडद्यावर आली. तिने तिसऱ्यांदा घालून बघितलं. बाहेर येते न येते तोच पिशवीतला फोन वाजला. साईश होता.

साईश पेडण्यातच राहायचा, बायको सेजलसह, भाड्याच्या फ्लॅटात. मोपाच्या विमानतळावर त्याची नोकरी होती. पार्शापासून फार लांब नाही, तरी घरी येऊन त्याला चार महिने झाले होते आणि फोन करून महिना.

"आते, दहा हजार काढलंस?" त्याने विचारलं. "माझ्या फोनवर मेसेज इलो."

खातं दोघांच्या नावावर होतं. ते उघडलं तेव्हा तिच्याकडे फोन नव्हता, म्हणून नंबर त्याचा दिला होता. तिचं खातं हललं की त्याच्या खिशात वाजायचं.

"होय," ती म्हणाली. "कौलां बदलूची आसत."

"कौलां? माका सांगलंस नाय ता? आणि बघ, कोण पोलीस म्हणान फोन करता, व्हिडिओवर बसवून ठेवता, पैसे मागता, असला काय आसा काय?"

"नाय रे."

"बरा मग." आणि फोन बंद झाला. कशी आहेस हे त्याने विचारलं नाही. तिनेही नाही.

बँकेत गर्दी होती. तिचा नंबर लागला तेव्हा काउंटरवर सुविधा नावाची तरुण मुलगी होती. तिने स्लिप बघितली, स्क्रीनवर बघितलं आणि आवाज थोडा खाली आणला.

"मावशी, चाळीस हजार. या खात्यातून इतकी रक्कम एकदम कधी गेलेली नाही. नवीन माणसाला पाठवताय?"

"होय."

"तुम्हाला आता कोणाचा फोन चालू आहे का? पिशवीत फोन चालू ठेवायला सांगितलंय कोणी?"

विनोदिनीने फोन काढून दाखवला.

"रागवू नका हां. गेल्या महिन्यात एका आजोबांचे सगळे पैसे गेले, इथूनच. आम्हाला विचारावं लागतं." तिने स्लिपवर बोट ठेवलं. "रेश्मा श्रीनाथ म्हामल. आडनाव तुमचंच आहे. या कोण लागतात तुमच्या?"

साधा प्रश्न होता. मागे रांगेत माणसं उभी होती, त्यांतली दोघं पार्शाची. भावजय म्हणावं, तर घरातून गेलेल्या बाईला भावजय म्हणतात का? मैत्रीण म्हणावं, तर या वयात काजूच्या कारखान्यातली बाई मैत्रिणीला चाळीस हजार पाठवते, यावर ही पोर विश्वास ठेवेल का? बारा वर्षांत तिला कोणी हे विचारलंच नव्हतं.

"आमच्यातलीच आसा," ती शेवटी म्हणाली.

सुविधाच्या चेहऱ्यावर काळजी उमटली. "मावशी, तुमची केवायसीही राहिलीय. ती करून घेऊ, मग तुमचाच नंबर खात्याला लावता येईल. अंगठा ठेवा इथे."

विनोदिनीने अंगठा ठेवला. मशीन लाल झालं. दुसरा ठेवला, तर्जनी ठेवली, पदराला पुसून पुन्हा ठेवली. अठ्ठावीस वर्षं टरफलातलं तेल लागून लागून तिच्या बोटांची कातडी भाजून निघत आली होती. बोटांवर रेघ म्हणून उरली नव्हती.

"माझी बोटां मशिनाक दिसनत नाय," ती म्हणाली. रेशनवरही तिचं असंच व्हायचं.

"मग मला नोंदवलेल्या नंबरवर विचारावं लागेल," सुविधा म्हणाली, आणि विनोदिनी थांब म्हणेपर्यंत तिने फोन लावलाही. काचेच्या अलीकडे विनोदिनीला एकाच बाजूचं बोलणं ऐकू येत होतं. "नमस्कार, बँकेतून बोलतेय... हो, त्या इथेच आहेत, बऱ्या आहेत... चाळीस हजार... नाव? रेश्मा श्रीनाथ म्हामल."

मग सुविधाने फोन दुसऱ्या कानाला लावला. "हॅलो? ऐकताय ना?" तिने एकदा विचारलं. मग "बरं" म्हणाली आणि रिसीव्हर ठेवला.

"ते म्हणाले, थांबवा. येतायत ते."

पार्शाला चार महिने न आलेला माणूस अर्ध्या तासात बँकेत आला. अंगावर विमानतळाचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र तसंच लोंबत होतं. काउंटरवर जाऊन त्याने कसल्या तरी कागदावर सही केली आणि विनोदिनीला म्हणाला, "भायर चल."

बाहेर स्कूटरींच्या रांगेपाशी जरा सावली होती.

"कधीपासून चालू आसा ह्या?"

"बारा वर्सां. दर शुक्रवारी म्हापशाक, हॉटेलात चाय."

"बारा वर्सां!" तो हसला, पण ते हसणं नव्हतं. "आणि तू शुक्रवारी बाजाराक जातंय म्हणून सांगत होतंस."

"बाजाराकच जात होतंय."

"तिणां कधी माझी चवकशी केल्यान?"

खोटं बोलावं असं विनोदिनीला वाटून गेलं. पण सकाळपासून एकदा बोलून झालं होतं. "नाय," ती म्हणाली. "मीच सांगत होतंय. तुका नोकरी लागली तेव्हा. तू बाईकवरसून पडलास तेव्हा. लग्नाचो फोटो दाखवलंय."

"माझो फोटो?" त्याचा आवाज एकदम लहान झाला. "माका विचारल्याशिवाय माझो फोटो दाखवलंस तिका?"

विनोदिनीने त्याच्या दंडाला हात लावायला पुढे केला. तो मागे सरला.

"आते, ती गेली त्या दिवशी मी दारात बसलेलंय. रात्री तू माका उचलून आत घेऊन गेलंस. तू म्हणालंस, ती मेली असा समज, मी आसंय. मी तसाच समजलंय. आणि तू तिच्यावांगडा चाय पीत होतंस."

"तिचा हाड मोडलाहा रे. तिका कोण नाय."

"तुका तरी कोण आसा?" तो म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर त्यालाच ते लागलं असावं, कारण त्याने तिच्याकडे न बघताच हेल्मेट घातलं. मग निघून गेला.

विनोदिनी आत गेली. सुविधाने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि हळू आवाजात समजावलं. खात्यातल्या एका माणसाने हरकत घेतली की दोघांच्या सह्यांशिवाय बँकेला पैसे देता येत नाहीत. एक रुपयासुद्धा नाही. नियमच तसा होता.

"पैसे माझे आसत, बाय. त्याचो एक रुपयो नाय त्यात."

"मला कळतंय मावशी. पण नाव त्यांचंही आहे."

ती दहा हजार घेऊन म्हापशाची बस धरून हॉस्पिटलात गेली. रेश्माच्या पायाला वजन बांधलं होतं. तिने डोळे उघडले आणि दारात विनोदिनी दिसल्यावर आधी गोंधळली.

"आज शुक्रवार?"

"सोमवार."

"मग कित्या इलंस?"

विनोदिनी तिच्या उशाशी बसली. एवढ्या वर्षांत त्या दोघी हॉटेलाच्या टेबलाशिवाय कुठे बसल्या नव्हत्या. मध्ये टेबल नसताना काय बोलायचं ते दोघींनाही समजेना. विनोदिनीने तिच्या केसांतला गुंता बोटांनी सोडवायला घेतला. हॉस्पिटलात तिने दहा हजार भरले होते, उरलेले गुरुवारपर्यंत भरा, नाहीतर सरकारीत हलवा असं सांगितलं गेलं होतं. यातलं ती काही बोलली नाही. तरी रेश्माने तिच्या तोंडाकडे बघून ओळखलं.

"त्याका कळला?"

"कळला."

रेश्मा भिंतीकडे बघत राहिली. "तुका बोललो?"

"माकाच बोललो. तुका काय बोललो नाय."

"माका बोलाक होया होता," रेश्मा म्हणाली.

मंगळवारी विनोदिनीने माळ्यावर ठेवलेली काजूची बी पार्शातल्या सगुणच्या दुकानात विकली. दर पडलेला होता. ती दरवर्षी गणपतीच्या चवथीपर्यंत थांबायची, दर चढला की विकायची. "यंदा घाई कित्या?" सगुणने विचारलं. तिने "पोती फुटली" असं काहीतरी सांगितलं. बी विकूनही रक्कम पुरी होत नव्हती. शेजाऱ्यांकडे मागता आलं असतं, पण तेही विचारणारच: कोणासाठी? त्या दुपारी ती घरात नुसती बसून राहिली. सोलं परसात तशीच होती, वर मुंग्या आल्या होत्या.

बुधवारी दुपारी सुविधाचा फोन आला.

"मावशी, साईश येऊन गेले. हरकत मागे घेतली त्यांनी. तुम्ही येऊन सही केलीत की पैसे लगेच पाठवते."

विनोदिनीचा जीव एकदम हलका झाला. बसमध्ये तिला वाटत होतं, तो तिथेच असेल. बाहेर स्कूटरींपाशी उभा असेल. काय बोलायचं तेही तिने ठरवलं: जेवायला ये, सेजललाही घेऊन ये, दुसरं काही नको.

तो नव्हता. सुविधाने एक कागद पुढे सरकवला. "आणि यावरही तुमची सही लागेल. त्यांनी खात्यातून स्वतःचं नाव काढून टाकायला दिलंय. त्यांची सही झालीय. आता खातं तुमचं एकटीचं."

विनोदिनीने त्याची सही बघितली. शाळेत असताना तो 'म्हामल'मधला 'ह' सुटा लिहायचा. आता सगळंच एका वळणात होतं, वाचताही येत नव्हतं.

"काय बोललो तो?"

"काही नाही. घाईत होते." सुविधा जरा घुटमळली. "विचारलं मी, मावशींना काही सांगायचंय का. नाही म्हणाले."

विनोदिनीने सही केली. अंगठ्याच्या ऐवजी मोठ्या साहेबांनी स्वतः समोर बसून तिचा फोटो काढला, आधी काढलेल्या फोटोशी ताडून पाहिला, आणि तिचा नंबर खात्याला लागला. थोड्या वेळाने तिच्या फोनवर पहिला मेसेज आला. तिने चष्मा लावला आणि आकडे मोठ्याने वाचायला लागली, "चार, शून्य, सात..."

"नको, नको!" सुविधाने घाईने हात वर केला. "मला नका सांगू. हा नंबर कोणालाच सांगायचा नसतो, मावशी. इथे तुम्हीच दाबा."

विनोदिनीने एकेक आकडा दाबला. पैसे गेले.

शुक्रवारी रेश्माचं ऑपरेशन झालं. महिन्याभराने सातार्ड्याचा तिचा भाऊ, जो इतकी वर्षं तिच्याशी बोलत नव्हता, गाडी घेऊन आला आणि तिला माहेरी घेऊन गेला. डिचोलीची खोली सोडली. तिचा फोन कधी लागायचा, कधी नाही. लागला की ती म्हणायची, "काठी घेऊन पायरीपर्यंत जातंय आता." समोरासमोर बसून गप्प राहायची त्यांना सवय होती, फोनवर ते जमत नव्हतं. कोणीतरी एक "बरा तर मग" म्हणायची.

शुक्रवार आला की विनोदिनीला सकाळीच जाग यायची. दोनदा ती म्हापशाला जाऊन आली. हॉटेलात एकटीने बसणं तिला जमलं नाही, म्हणून सुकी मासळी घेऊन पहिल्याच बसने परत आली. पुढे तिने तेही सोडलं.

चवथीला साईश आला. घरचा गणपती, येणं भाग होतं. त्याने गणपतीवर फळांची माटोळी बांधली, पूजा केली, आरती म्हटली. सेजल स्वयंपाकघरात विनोदिनीच्या मागे-पुढे करत बोलत राहिली, तिला बिचारीला दोन्हीकडचं सांभाळायचं होतं. साईश विनोदिनीशी बोलला नाही असं नाही. समई कुठे आहे ते विचारलं, नारळ किती फोडायचे ते विचारलं. जेवताना तिने त्याच्या पानात गोड पातोळी वाढली, त्याने "पुरे" म्हणून हात आडवा धरला. विसर्जन झाल्यावर ओल्या कपड्यांनीच ती दोघं स्कूटरवर बसली. विनोदिनी अंगणात उभी राहिली. सेजलने वळून हात केला.

चवथीनंतर तिला बँकेतून निरोप आला की खात्याला वारस लावायचा राहिलाय. पेडण्याच्या बाजारात तिचं तसंही काम होतं. सुविधाने तिला बघून ओळखीचं हसून खुर्ची दिली.

"नाव सांगा मावशी. कोणाचं घालू?"

"साईश श्रीनाथ म्हामल," विनोदिनी म्हणाली.

सुविधाने मान वर केली, मग पुन्हा खाली घालून टाइप करायला लागली. टाइप करून झाल्यावर विनोदिनीने विचारलं, "त्याची सही लागतली?"

"नाही. वारसाची सही लागत नाही. त्यांना कळवावंच असंही नाही."

"मगे कळवू नको," विनोदिनी म्हणाली. तिने चष्मा पिशवीत ठेवला, आणि मागे उभ्या असलेल्या माणसाला खुर्ची मोकळी करून दिली.